सतराची रेघ

रविवार, सकाळ

प्रिय टिटवे,

तीन वर्षांनी पत्र लिहायला बसले आहे आणि सुरुवात घाणीपासून करते आहे. इलाज नाही. परवा चौकशी समितीच्या माणसांनी आपल्या प्रयोगशाळेतलं एकूण एक कपाट उघडायला लावलं. जिवाणू वाढवायच्या हलत्या यंत्रामागे, भिंतीला टेकून, एक फ्लास्क सापडला. कोणी ठेवला, कधी ठेवला, देव जाणे. कापसाचं बूच काळं पडलेलं, आत पिवळट गढूळ पाणी, वर जाड साय. मी बूच उपटलं मात्र, आणि खोलीभर जो वास सुटला तो तुला सांगायला नको. ताज्या जिवाणूंचा वास मला अजूनही चालतो, ओल्या धान्याच्या पोत्यासारखा असतो तो. हा मेलेल्यांचा होता. समितीतल्या बाई नाकाला रुमाल लावून बाहेर पळाल्या. मी जागची हलले नाही. म्हटलं, तीस वर्षं या खोलीचा कारभार केला, आता नाक मुरडायचा आपल्याला काय अधिकार? मग बेसिनपाशी गेले आणि सकाळचा चहा ओकून टाकला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. आमचे हे म्हणाले, पोटाचं औषध घे. घेतलं. पण दुखणं पोटाचं नाही.

तुझ्या त्या दूध तपासणी केंद्रापर्यंत बातमी पोचलीच असेल. सरांनी शोधलेली, आरएनए कातरणारी 'शेवटची कात्री' खोटी निघाली. दूरच्या एका प्रयोगशाळेने आपला प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला, मग थोडा बदलून पाहिला, आणि छापून टाकलं की ही कात्री नव्हतीच. ज्या शोधावर सरांना मानपत्र मिळालं, नवी इमारत मिळाली, दारावर पितळी पाटी लागली, तो शोध म्हणजे आपणच जिवाणूंना पाजलेल्या औषधाचा परिणाम. समितीला आता एवढंच ठरवायचं आहे, की ही चूक होती की कोणाला ठाऊक असून दडपली गेली. गुरुवारी निकाल. चूक ठरली तर शोधनिबंध मागे घेतला जाईल, सगळे हळहळतील आणि घरी जातील. दडपली असं ठरलं तर तुझी फाइल उघडावी लागेल, 'कामात हलगर्जी, निष्कर्ष अविश्वसनीय' असा शेरा मारून बंद केलेली. तुझी पदवी त्या एका शब्दावर टांगलेली आहे, आणि तू तिकडे दुधात पाणी किती ते मोजते आहेस.

तुला पहिल्या दिवशी मी हे काम समजावलं होतं ते आठवतं? फळ्यावर मी एक लांबलचक रेघ ओढली. म्हटलं, पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम, आणि त्यांचा सांगाडा आरएनएचा. पण जिवाणू हा सांगाडा सुटा सुटा बनवत नाही. एकच लांब धागा काढतो, त्यात तीन तुकडे एकापुढे एक, आणि मध्ये-कडेला जादाचा भाग. तू मध्येच म्हणालीस, "ताई, हे तर आमच्या बाबांचं काम. तागा एक, कपडे तीन." तुझे बाबा शिंपी आहेत हे मला तेव्हा कळलं. मग पुढचं मी तुझ्याच भाषेत सांगितलं. तुकड्याच्या दोन्ही टोकांचं जादा कापड एकमेकांना शोधून चिकटतं, दुहेरी होतं. ते दुहेरी दिसलं की पहिली मोठी कात्री, म्हणजे कापणारं एन्झाइम, येते आणि तुकडा ताग्यापासून सुटा करते. पण सुटा झाला म्हणजे तयार झाला असं नाही, कडेला अजून माया, शिवणीसाठी सोडतात तसं जादा कापड, शिल्लक असते. ती लहान कात्र्या कातरतात, आणि शेवटची माया कातरली जाते ती प्रथिनं बसून यंत्र जुळत असतानाच. जुळणी अडली की कातरणंही अडलं. पहिल्या तुकड्याला तयार झाल्यावर आपण 'सोळा' म्हणायचो, आणि माया शिल्लक असली की 'सतरा'. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या थरावर सोळाची रेघ खाली, सतराची तिच्या केसभर वर. सरांचा दावा असा, की त्यांनी शोधलेली कात्री काढून टाकली तर सतराचा सोळा होतच नाही. तू हे सगळं ऐकून घेतलंस आणि मग दिवसभर बारीक पिपेटने अख्खी बाटली थेंबाथेंबाने रिकामी करत बसलीस. मी तुला टिटवी म्हणायला लागले ते तेव्हापासून. समुद्र आटवायला निघालेली.

आता ती औषधाची गोष्ट. जिवाणूतून कात्रीचं जनुक काढलं आणि त्या जागी एका अँटिबायोटिकला पुरून उरणारं जनुक बसवलं, खूण म्हणून. खुणेचा जिवाणू औषधात जगतो, बाकीचे मरतात, म्हणजे भेसळीची भीती नाही. हा नियम माझा. भिंतीवरचा तो पुठ्ठाही माझ्याच अक्षरातला: 'औषध घातल्याशिवाय फ्लास्क हलवायचा नाही.' बावीस वर्षं होता तिथे. तुलनेला ठेवलेल्या साध्या जिवाणूला अर्थातच औषध नाही, तो मेलाच असता. म्हणजे कात्री असलेला आणि नसलेला अशी तुलना आपण करतच नव्हतो. आपली तुलना होती औषध न प्यायलेल्याची आणि प्यायलेल्याची. आणि औषध कुठलं, तर नेमकं रायबोसोमलाच अडवणारं! खुणेचा जिवाणू ते मोडून टाकतो खरा, पण मोडायला वेळ लागतो, आणि सरांना कायम घाई. फ्लास्कमधला रस पातळ असतानाच, म्हणजे जिवाणू थोडेच वाढलेले असतानाच, ते गोळा करायचे. तोवर औषध अंगात, प्रथिनं अपुरी, जुळणी अर्धवट, माया तशीच. सतरा दिसणार नाही तर काय होणार? पोराला जेवायला घालायचं नाही आणि वर म्हणायचं की याच्या हाडातच खोट आहे.

तुला हे हुशारीने नाही, कंटाळ्याने कळलं, असं तूच म्हणायचीस. औषधाची कुपी संपली होती, नवी यायला आठवडा होता, आणि तू म्हणालीस नुसती बसून काय करू, तसाच वाढवते. सतराची रेघ गायब. खाली एकटी सोळा, स्वच्छ. मी म्हटलं, "तुझा वाण भेसळला, साधा जिवाणू शिरलाय." हे मी तेव्हा मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने धर. तू वाद घातला नाहीस. चार दिवसांनी जिवाणू उगवायच्या सहा बश्या घेऊन आलीस. त्या बिनऔषधी फ्लास्कमधले जिवाणू आधी साध्या बशीवर पसरून, उगवलेले शंभर ठिपके काडीने उचलून औषधाच्या बश्यांवर टेकवले होतेस. साधे असते तर मेले असते. शंभरच्या शंभर उगवले होते. खिडकीपाशी उजेडात धरून तू ते मला एकेक मोजायला लावलेस. वर म्हणालीस, "ताई, साध्या जिवाणूलाही खूण बसवू आणि त्यालाही औषध पाजू. त्याचाही सतरा दिसला तर संपलंच की हो." त्या दूरच्या लोकांनी नेमकं हेच केलं.

मला त्या क्षणी कळलं. 'शंका आली होती' असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले, ते खोटं आहे. शंका नाही, कळलं. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर म्हणेपर्यंत मला सगळं लख्ख दिसत होतं. आणि मी काय म्हटलं? "ठेव इथे, मी सरांशी बोलते." तू जेवायला गेलीस. मी सहाच्या सहा बश्या उचलल्या, वाफेच्या यंत्रात घातल्या आणि झाकण आवळलं. वीस मिनिटं मी तिथेच उभी होते. शिजलेल्या जिवाणूंचा तो चिकट, गोडसर वास केसांत बसला होता. तू परत आलीस तेव्हा सांगितलं, "सर म्हणतात, पुन्हा कर." सरांशी मी एक अक्षर बोलले नव्हते. तुझ्या वहीतलं पान मात्र फाडलं नाही, आणि याचा मला काही दिवस चक्क अभिमान वाटत होता. बघ, माणूस कशाकशाचा अभिमान बाळगतो.

भीतीने केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी नोकरी कुठे जात नव्हती. मला झोंबलं ते वेगळंच. तो पुठ्ठा माझा, ती जेल माझी, सोळा-सतरा वेगळे दाखवणारी तशी जेल दुसरं कोणी ओतत नाही असं पाहुणे म्हणायचे, निबंधावर दुसरं नाव माझं. आणि कालची पोर, तीही कंटाळ्यापायी, माझी बावीस वर्षं मोडीत काढते! कानामागून आली आणि तिखट झाली, हेच शब्द मनात आले होते. स्वतःच्या मनात असलं काही वळवळताना दिसलं की शिसारी येते गं. झुरळ चिरडता येतं, हे कसं चिरडायचं?

पुढचा महिना तुला माहीतच आहे. तू बिनऔषधी करत राहिलीस, सोळाच येत राहिला, आणि सरांना सतराची चित्रं हवी होती. ते तुझी वही चाळायचे, दर पानाला बोट जिभेला लावून, आणि तू नंतर हातमोजे घालून ती वही उघडायचीस. त्यावर आपण दोघी किती हसलो होतो. मी हसले होते, सगळं माहीत असून. मग ती बैठक झाली. सर म्हणाले, "हिचे हात चांगले नाहीत." सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या खोलीत हातांबद्दलचा शेवटचा शब्द माझा. मी म्हटलं, "काहींचे नसतात." एवढंच. तुझी चार वर्षं त्यात गेली.

एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. तुझं सामान न्यायला बाबा आले तेव्हा तू खाली गाडीत बसून होतीस. ते एकटेच वर आले. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती, घाईने निघाले असावेत. मला म्हणाले, "बाई, तिच्या हातात काय दोष आहे तेवढं सांगाल का? नाही म्हणजे, मला चष्मा लागल्यापासून सुईत दोरा तीच ओवते. घरी आम्हाला कधी काही दिसलं नाही हो." त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. डॉक्टरला विचारावं तसे विचारत होते, उपाय असेल तर करू म्हणून. मी म्हटलं, "हे काम वेगळं असतं." त्यांनी मान डोलावली, खोकं उचललं आणि जाताना माझे आभार मानले. आभार, टिटवे. मुलीला इतकी वर्षं शिकवलंत म्हणून. त्या दिवशी मी साबणाने तीनदा हात धुतले आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवले. जेवले याचाच आता जास्त राग येतो.

सरांचं सांगायचं तर चौकशी लागल्यापासून त्यांचं रूप बघवत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगत सुटले, "मी फक्त चित्रं बघतो, फ्लास्क ताईंच्या ताब्यात." वड्याचं तेल वांग्यावर. मग गेल्या मंगळवारी अचानक माझ्या टेबलाशी आले, ज्या रुमालाने नाक पुसतात त्याच रुमालाने माझी खुर्ची झटकली आणि साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाले, "ताई, कोणालाच माहीत नव्हतं, हो ना? आपण सगळेच फसलो. विज्ञान असंच स्वतःला सुधारत असतं." करून सवरून नामानिराळे! आणि मी मान डोलावली. सवयीने. ते गेल्यावर त्या खुर्चीवर बसवेना, उभ्यानेच काम केलं. पण एक कबूल करते. त्यांना शिव्या घालणं मला फार सोयीचं आहे. त्यांना खरोखर काही माहीत होतं का, ते मला माहीत नाही. मी त्यांना सांगितलं नाही, एवढं मला माहीत आहे.

काल दुपारी मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. जन्मभर नळ आणि गटारं दुरुस्त केलेला माणूस, घाणीने दचकत नाही. शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं, "ती पोर कावीळ झाली म्हणून पंधरा दिवस आपल्याकडे होती, ते याच्या आधी की नंतर?" मी म्हटलं, आधी. ते उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. तुला आठवतं ना, ते तुला रोज पेपर वाचून दाखवायचे, आणि शब्दकोड्यात मुद्दाम चुकायचे म्हणजे तू उठून बसावंस. मी मऊ भात भरवायचे आणि तू म्हणायचीस, "ताई, इतकं आमची आईपण करत नाही." तासाभराने ते आत आले. चहा केला, दोन कप.

आता हे पत्र का, ते सांगते. काल सकाळी समितीच्या बाईंनी मला तुझा जबाब वाचायला दिला. तुझ्या अक्षरात, सही-तारखेनिशी: 'माझा निकाल मी कोणालाही दाखवला नव्हता. ताईंना याची काहीही कल्पना नव्हती. त्यांनी मला मुलीसारखं सांभाळलं.' सर एकाएकी इतके गोड का झाले तेही मग कळलं, त्यांना हे आधीच कुठून तरी समजलं असणार. टिटवे, ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सुटले बाई, असं वाटलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त किळस कशाची आली असेल तर त्या हायसं वाटण्याची. पंधरा दिवसांच्या मऊ भातापायी तू तुझी पदवी माझ्या पायाशी आणून ठेवलीस, आणि मी ती पायाने आत ओढून घेणार होते. नंतर तासभर हेही सुचत राहिलं, की तुला खोटं पाडण्यापेक्षा मीच गप्प बसावं, तुझ्याच भल्यासाठी. केवढी सोय! पण गुरुवारी अकराला मला बोलावलं आहे आणि मी खरं सांगणार आहे, हे ठरलं आहे, त्यावर चर्चा नको. अडचण एवढीच, की मी खरं बोलले की तुझी सही खोटी ठरते. खोटा जबाब देणाऱ्याची फाइल उघडत नाहीत, कायमची बंद करतात, हे मी बाईंना तुझं नाव न घेता विचारून घेतलं आहे. जबाब बुधवारी पाचपर्यंत बदलता येतो. म्हणून हे पत्र टपालाने पाठवत नाही, आमचे हे स्वतः उद्या घेऊन येतील आणि तू लिहीपर्यंत तिथेच थांबतील. लिही: 'सहा बश्या मी ताईंना दाखवल्या. त्यांनी शंभर मोजले आणि बश्या ठेवून घेतल्या.' पुढचं मी सांगेन. मुलीसारखं सांभाळलं, ते वाक्य खोडून टाक. आणि मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी रडेन, आणि मी रडले की तू पुन्हा मला वाचवायला बघशील.

तुझीच, आणि या खेपेला वाचवून न घेणारी,

ताई